वाटमारीची गोष्ट: जरीच्या कपड्यांपासून आयफोनपर्यंत

हा भाग तुम्ही लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, तर आधी दोन पावलं आत सरका. फोन हातात असेल तर खिशात टाका. थट्टा नाही करत. 'फटका' म्हणजे काय हे मुंबईकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, रुळांच्या कडेला, एखाद्या खांबाच्या आधाराने कुणीतरी काठी घेऊन उभं असतं. गाडी जरा हळू झाली की तुमच्या हातावर काठीचा फटका बसतो, फोन खाली पडतो आणि तो उचलून माणूस पसार होतो. फोन गेला तर गेला. पण त्या एका झटक्यात तोल जाऊन लोकांचे पाय गेले आहेत, जीव गेले आहेत.

आता यावर आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? 'धरून चोपला पाहिजे.' साहजिक आहे. माझा फोन गेला तर मीही तेच म्हणेन. पण इतिहासात डोकावलं, तर 'चोपा' हे उत्तर फार फार जुनं आहे आणि फार वेळा फसलेलं आहे. ज्यांना रस्त्यावरची लूट खरोखर कमी करता आली, त्यांनी एक वेगळाच, जरा कंटाळवाणा वाटेल असा प्रश्न विचारला होता. लुटलेला माल जातो कुठे?

ही गोष्ट सांगायला आपण लंडनला जाणार आहोत. कारण या एकाच शहराने अडीचशे वर्षांत या प्रश्नाची जवळजवळ सगळी बरोबर आणि सगळी चुकीची उत्तरं देऊन पाहिली आहेत. शिवाय तिथल्या चुकांची किंमत आपल्याकडेही मोजली गेली. ते पुढे येईलच.

तर चला, नोव्हेंबर १७४९. रात्रीची वेळ. लंडनच्या हाइड पार्कमधून एक बग्गी चालली आहे. आत बसलाय होरेस वॉलपोल. हा म्हणजे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जातात त्या रॉबर्ट वॉलपोल यांचा मुलगा, स्वतः खासदार, लेखक. दोन माणसं बग्गी अडवतात. पिस्तूल रोखतात. आणि चुकून म्हणा, घाबरून म्हणा, पिस्तूल उडतं. गोळी वॉलपोलच्या डोळ्याखालून चाटून जाते. घड्याळ, पैसे गेले. जीव वाचला तो नशिबानं.

लक्षात घ्या, हा काही आडरानातला रस्ता नव्हता. राजवाड्याजवळचा बगीचा होता. लुटारूंच्या भीतीने त्याच बागेतल्या राजरस्त्यावर १६९० च्या सुमारास तेलाचे शेकडो दिवे लावले होते. दिवे होते, पण दिव्याखाली बघणारं कुणी नव्हतं. कारण लंडनमध्ये तेव्हा पोलीसच नव्हते! आज आपण ज्याला पोलीस म्हणतो, तसं पगारी, गणवेशातलं दल तिथे यायला १८२९ उजाडावं लागलं. तोपर्यंत काय होतं? रात्रीचे म्हातारे पहारेकरी, आळीपाळीने काम करणारे कॉन्स्टेबल आणि बक्षिसं.

वॉलपोलला लुटणारा होता जेम्स मॅक्लेन. राहायचा सेंट जेम्स भागात, म्हणजे अगदी पॉश वस्तीत, साहेबासारखा. त्याने तर वॉलपोलला पत्र पाठवलं की तुमच्या वस्तू हव्या असतील तर पैसे देऊन परत घ्या! म्हणजे बघा, लुटून झाल्यावर गिऱ्हाईकही तोच.

हा मॅक्लेन सापडला कसा? कुणी पाठलाग केला नाही, गोळीबार झाला नाही. १७५० च्या उन्हाळ्यात त्याने एक प्रवासी कोच लुटला. त्यात मिळालेले भारी कपडे आणि त्यावरची जर तो विकायला गेला. पण गेल्या मालाचं वर्णन गावभर झालं होतं आणि माल ओळखला गेला. संपलं. ३ ऑक्टोबर १७५० ला टायबर्नच्या वधस्तंभावर तो फासावर गेला. त्याआधी तुरुंगात त्याला बघायला हजारोंची गर्दी झाली होती. आजच्या भाषेत व्हायरल झाला होता भाऊ.

हे जरीचं लक्षात ठेवा. लुटारू लुटताना सापडत नाही, विकताना सापडतो. कारण लूट काही सेकंदांची असते, अंधारातली असते. विक्री मात्र कुठल्या तरी दुकानात, कुठल्या तरी ओळखीच्या माणसाकडे, दिवसाउजेडी होते.

आणि ही गोष्ट लंडनमध्ये सगळ्यात आधी कुणाला कळली होती, माहितेय? पोलिसांना नाही. एका चोराला. जोनाथन वाइल्ड त्याचं नाव. १७१० आणि १७२० च्या दशकात हा माणूस स्वतःला 'चोर पकडणाऱ्यांचा सरदार' म्हणवून घ्यायचा. लोकांची वस्तू चोरीला गेली की लोक त्याच्याकडे जायचे. तो म्हणायचा, बघतो, प्रयत्न करतो. आणि दोन दिवसांत वस्तू परत मिळायची, अर्थात 'खर्चाचे' पैसे देऊन. लोक त्याला दुवा द्यायचे. खरं तर चोर त्याचेच होते. माल त्याच्याच गोदामात असायचा. जो चोर ऐकायचा नाही त्याला तो स्वतः पकडून द्यायचा आणि वर सरकारी बक्षीस घ्यायचा. शेवटी १७२५ मध्ये त्यालाही फाशी झाली. ती कशाबद्दल? चोरीला गेलेली लेस परत मिळवून देण्याचे पैसे घेतले म्हणून. पुन्हा कापडच!

त्या सरकारी बक्षिसाबद्दल बोलायला हवं. १६९२ च्या एका कायद्याने ठरवलं होतं की वाटमारी करणाऱ्याला पकडून शिक्षा लागली, तर पकडणाऱ्याला ४० पौंड मिळतील. साध्या मजुराच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा मोठी रक्कम. कल्पना वरवर चांगली होती. सरकारचा पगाराचा खर्च नाही, लोकच चोर पकडतील. झालं काय? छोट्या चोराला कुणी हात लावेना. एखाद्या पोराने रुमाल मारला, सोडून द्या. त्याचं 'वजन' अजून ४० पौंड भरत नाही. मोठा होऊ द्या, पिस्तूल घेऊ द्या, मग धरू. हे मी बनवून सांगत नाही, 'चाळीस पौंड वजन' ही त्या धंद्यातली चक्क बोलीच होती.

याहून वाईट पुढे आहे. १७५४ मध्ये उघडकीला आलं की मॅकडॅनियल नावाच्या माणसाची एक टोळी तरुण पोरांना गोड बोलून लुटीत सामील करून घेत होती. लुटायचं कुणाला? टोळीच्याच माणसाला. मग टोळीचाच तिसरा माणूस त्या पोरांना पकडून देणार, चौथा साक्ष देणार, पोरं फासावर जाणार आणि हे ४० पौंड वाटून घेणार. यातल्या आरोपींना शिक्षा म्हणून भर चौकात खोड्यात अडकवलं, तेव्हा संतापलेल्या जमावाने दगड मारून एकाला जागीच ठार केलं. बक्षीस लावून गुन्हा 'कमी' करायचं धोरण हे असं संपलं. म्हणजे खरं तर संपलं नाही, कायदा पुढे कित्येक वर्षं तसाच होता. आकडे मोजून बढती देणारी कुठलीही व्यवस्था बघितली की मला हे ४० पौंड आठवतात. असो.

आता येतात या भागाचे दोन नायक. दोन सावत्र भाऊ. मोठा हेन्री फील्डिंग. साहित्याच्या विद्यार्थ्यांना नाव माहीत असेल, 'टॉम जोन्स' ही कादंबरी त्याचीच, १७४९ ची. पण कादंबरीवर घर चालेना, म्हणून त्याने मॅजिस्ट्रेटची नोकरी धरली. कचेरी होती बो स्ट्रीटवर, कोव्हेंट गार्डनजवळ. धाकटा जॉन फील्डिंग. एकोणिसाव्या वर्षी अपघातात दृष्टी गेलेला.

हेन्रीने सुरुवातीला जे विचार मांडले ते सगळेच काही पटणारे नाहीत. १७५१ मध्ये त्याने लुटारू का वाढले यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात तो गरिबांच्या चैनीला, जुगाराला, स्वस्त जिनला दोष देतो. श्रीमंतांच्या जुगाराबद्दल मात्र हात राखून बोलतो. पण त्याच पुस्तकात त्याने चोरीचा माल घेणाऱ्यांवर नेमकं बोट ठेवलं. माल विकायची सोय इतकी सहज नसती, तर चोरी करणाऱ्याला त्या चोरीत काय मिळालं असतं, असा त्याचा रोख आहे.

आणि त्याने केलं काय? जाहिरात! स्वतःच्या वर्तमानपत्रात त्याने सूचना छापली. तुम्हाला कुणी लुटलं, तुमच्याकडे चोरी झाली, तर ताबडतोब बो स्ट्रीटला कळवा. चोराचं वर्णन द्या, गेलेल्या वस्तूचं वर्णन द्या, जागा आणि वेळ सांगा. आज हे वाचून आपल्याला वाटेल, यात काय मोठं? अहो, तेव्हा लोक लुटले गेले की गप्प बसायचे, नाहीतर वाइल्डसारख्या दलालाकडे जायचे. खटला चालवायचा खर्चही फिर्यादीनेच करायचा. त्यामुळे शहरात लुटी किती होतात, कुठे होतात, याचा कुणाकडे हिशोबच नव्हता. फील्डिंगने पहिल्यांदा सगळ्या गोष्टी एका टेबलावर आणल्या. मंगळवारची लूट आणि गुरुवारची लूट एकाच घोड्यावर बसलेल्या माणसाने केली, हे कळायचं तर दोन्ही तक्रारी एकाच माणसाने वाचायला हव्यात ना!

१७५३ च्या उन्हाळ्यानंतर लंडनमध्ये लूट आणि खून इतके वाढले की पंतप्रधानांचे भाऊ आणि मंत्री ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांनी त्याला बोलावून योजना मागितली. हेन्री तेव्हा आजाराने खंगलेला. तरी चार दिवसांत योजना तयार केली आणि ६०० पौंड मागितले. सुरुवातीला २०० मिळाले. (अनुदान कधी पूर्ण येत नाही, ही परंपरा जुनी दिसते.) त्या पैशातून एक खबरी फोडला आणि आपल्या मोजक्या माणसांना काही दिवसांत कामाला लावलं. टोळीतले काही पकडले गेले, उरलेले पळाले. तो लिहितो की त्यानंतरच्या नोव्हेंबर-डिसेंबरात रस्त्यावरचे खून आणि लूट जवळपास थांबल्या. आता हा दावा त्याचा स्वतःबद्दलचाच आहे, तेव्हा चिमूटभर मीठ टाकूनच घ्यायचा. पण सरकारने पुढे त्याच्या कचेरीला पैसे देणं चालू ठेवलं, यावरून काहीतरी जमलं असणार. ऑक्टोबर १७५४ मध्ये हेन्री लिस्बनला वारला.

मग जॉन. आंधळा मॅजिस्ट्रेट. डोळ्यांवर काळी पट्टी. त्याच्याबद्दल अशी ख्याती होती की तीन हजार गुन्हेगार तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. तीन हजार जरा जास्तच वाटतात, पण स्मरणशक्ती दांडगी असणार. त्याने भावाची पद्धत पक्की केली. लूट झाली की घोडेस्वार निरोप्याला थेट बो स्ट्रीटला पिटाळायचं. तिथून वर्णनाची पत्रकं छापून गहाणवटीच्या दुकानांत, घोड्यांच्या तबेल्यांत, खानावळींत. घोडा भाड्याने देणाऱ्याने बघायचं, की हाच का तो पांढऱ्या पायाचा घोडा? गहाणवटवाल्याने बघायचं, की याच नंबरचं घड्याळ का? १७७२ नंतर तर त्याने वर्णनं देशभरातल्या मॅजिस्ट्रेटांना पाठवायला सुरुवात केली. 'पोलीस गॅझेट' नावाचं पत्र निघालं ते याच मुळातून.

त्याने आणखी एक प्रयोग केला. १७६३ मध्ये सरकारकडून पैसे मिळवून लंडनमध्ये येणाऱ्या रस्त्यांवर रात्री घोडेस्वारांची गस्त सुरू केली. मूठभरच माणसं. पण वाटमारी लगेच उतरली. इतकी उतरली की सरकार म्हणालं, वा! आता गरज नाही. पैसे बंद. गस्त बंद झाली आणि लुटारू परत आले. पुन्हा कायमची घोडेस्वार गस्त यायला १८०५ उजाडलं. मधली चाळीस वर्षं लोक लुटले जात राहिले, का, तर एक योजना यशस्वी झाली म्हणून.

वाटमारी मग संपली कशी? १८३० च्या सुमारास इंग्लंडच्या रस्त्यावरून घोड्यावरचा लुटारू जवळपास नाहीसा झाला. गस्त होती, टोलनाके वाढले होते, मोकळ्या माळांना कुंपणं पडली होती, हे सगळं खरं. पण मला त्यातलं सगळ्यात गमतीचं कारण वाटतं ते पैशाचं. लोक सोन्याची नाणी घेऊन फिरायचे कमी झाले. नोटा आल्या, नोटांवर नंबर आले. आणि टपालखात्याने लोकांना सल्ला दिला, की नोट पाठवायची असेल तर मधोमध कापा! अर्धी आजच्या टपालाने पाठवा. ती पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी पाठवा. टपालगाडी लुटणाऱ्याच्या हाती काय लागणार? अर्ध्या नोटांचा गठ्ठा.

हे ऐकून तुम्हाला नवल वाटलं असेल, तर जरा घराकडे बघा. आपल्याकडे हुंडी होतीच की. पेशवाईत पुण्याहून लांबच्या मुलखात पैसा पोचवायचा तर दर वेळी थैल्या वाहून न्यायची गरज नव्हती, पेढीवरून हुंडी जायची. त्यात 'शहाजोग' हुंडी म्हणजे प्रतिष्ठित, ओळखीच्या शहालाच पैसे द्यायचे अशी. वाटेत कुणी ती हिसकावली तरी अनोळखी माणसाला पेढीवर कोण उभं करणार? आपण आज एखाद्याला 'शहाजोग' म्हणतो ते टोमणा म्हणून. पण मुळात तो शब्द पासवर्ड होता.

आता इथून शंभर वर्षं पुढे उडी मारू आणि चुकीचं उत्तर बघू. १७ जुलै १८६२. जेम्स पिल्किंग्टन नावाचे एक खासदार संसदेतून रात्री उशिरा पायी क्लबकडे निघाले होते. दोघांनी गाठलं, गळा आवळला, घड्याळ घेऊन पसार. या प्रकाराला 'गॅरोटिंग' म्हणायचे. एकाने मागून गळा दाबायचा, दुसऱ्याने खिसे रिकामे करायचे. खासदारच लुटला गेला म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी रान उठवलं. लोक रात्री बाहेर पडायला घाबरू लागले. 'पंच' मासिकाने खिळे लावलेल्या गळपट्ट्यांची व्यंगचित्रं छापली. संशय गेला तुरुंगातून अटीवर सुटलेल्या कैद्यांवर. पोलिसांनी धरपकड वाढवली, आणि इतिहासकारांनी नंतर दाखवून दिलं की आकडे फुगले त्यात या धरपकडीचाच मोठा हात होता. एरवी किरकोळ चोरी म्हणून नोंदली गेली असती अशी प्रकरणंही आता गॅरोटिंग ठरू लागली.

संसदेने १८६३ च्या जुलैमध्ये कायदा केला. अशा लुटारूला कैदेबरोबर फटके. एका वेळी जास्तीत जास्त ५० पर्यंत. आणि गॅरोटिंग संपलं! निदान पुढची पंचाहत्तर वर्षं प्रत्येक जण असंच सांगत राहिला. 'फटके दिले तेव्हा सुधारले.' अडचण एकच होती. गॅरोटिंगची लाट कायदा यायच्या आधीच ओसरली होती. १९३८ मध्ये सरकारने नेमलेल्या कॅडोगन समितीने कागदपत्रं तपासली, तेव्हा हे तर दिसलंच, शिवाय फटके खाल्लेले लुटारू फटके न खाल्लेल्यांपेक्षा नंतर काही शहाणे निघाले नव्हते. १९४८ मध्ये ती शिक्षा रद्द झाली.

त्याच काळातलं हे 'काही माणसं मुळातच गुन्हेगार' असं मानणारं डोकं इंग्रज इथेही वापरत होते. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. आख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, हजेरीला लावल्या, तारेच्या कुंपणात कोंडल्या. सोलापूरचं सेटलमेंट तुम्ही ऐकलं असेल. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याने ही माणसं मुक्त झाली, म्हणून 'विमुक्त'. पण कुठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते, ही तक्रार त्या समाजातले कार्यकर्ते आजही करतात. म्हणजे माल कुठे गेला हे शोधायचं नाही. माणूस कोण हे आधीच ठरलेलं.

आणि हेच लंडनने स्वतःच्या पोरांबरोबरही केलं. एप्रिल १९८१, ब्रिक्स्टन. दक्षिण लंडनमधली ही वस्ती, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांची, बेकारीने गांजलेली. तिथे लूट आणि घरफोडी वाढली होती, हे खोटं नव्हतं. पोलिसांनी 'स्वॅम्प ८१' नावाची मोहीम काढली. साध्या वेशातले पोलीस गल्लीगल्लीत सोडले आणि दिसेल त्या पोराला थांबवून झडती. काही दिवसांत ९४३ लोकांना थांबवलं. त्यांच्यात निम्म्याहून जास्त काळे, आणि बहुतेक तरुण. ११८ जणांना अटक. ७५ जणांवर आरोप. आता सांगा, त्यातले लुटीचे आरोपी किती? लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशी अहवालात आकडा आहे. एक.

एक! ९४३ माणसांना भर रस्त्यात भिंतीकडे तोंड करून उभं केल्यावर. १० ते १२ एप्रिल तीन दिवस ब्रिक्स्टन पेटलं. शेकडो पोलीस जखमी, गाड्या जळल्या, दुकानं जळली. आणि नुकसान त्याहून खोल होतं. ज्या आईबापांचं पोरगं विनाकारण झडतीत अपमानित झालं, ते उद्या स्वतः लुटले गेले तर पोलिसांना सांगायला येणार का? फील्डिंगने सव्वादोनशे वर्षांपूर्वी जी गोष्ट कष्टाने मिळवली होती, 'लुटलात तर मला येऊन सांगा', ती या मोहिमेने आठवड्यात घालवली.

आता या भागातला तुमचा-माझा भाग. फोन.

२००० च्या आसपास ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांच्या हातात मोबाईल आले. म्हणजे एकाएकी लाखो मुलं खिशात रोख रकमेइतकी किमती वस्तू घेऊन बसस्टॉपवर उभी राहू लागली. ब्रिटिश गृहखात्याच्या अभ्यासात दिसलं की १९९८-९९ मध्ये एकूण लुटीच्या ८ टक्के घटनांत फोन गेला होता. दोनच वर्षांत ते प्रमाण २८ टक्क्यांवर गेलं. लुटले जाणारेही किशोरवयीन आणि लुटणारेही. पोरं अचानक बिघडली होती का? नाही हो. हातात काय आहे ते बदललं होतं.

सरकारने २००२ मध्ये दोन्ही प्रकारची उत्तरं दिली. एकीकडे दहा पोलीस दलांना जादा माणसं, जादा गस्त. दुसरीकडे एक छोटा, रुक्ष कायदा. प्रत्येक फोनला एक पंधरा आकडी नंबर असतो, आयएमईआय. तो बदलणं गुन्हा ठरवलं, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि मोबाईल कंपन्यांनी चोरीच्या फोनची यादी एकमेकांना द्यायला सुरुवात केली. एका नेटवर्कवर बंद केलेला फोन दुसऱ्या नेटवर्कवर चालू होऊ नये म्हणून. जॉन फील्डिंगची पत्रकंच की ही! फक्त घोड्याच्या पायाच्या रंगाऐवजी नंबर.

लूट उतरली, पण पूर्ण नाही. कारण यादी ब्रिटनपुरती होती. फोन जहाजात किंवा विमानात घातला की यादीतून सुटला. मग स्मार्टफोन आले, किंमत दसपट झाली आणि पुन्हा लाट आली. यावेळी न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील आणि लंडनचे महापौर एकत्र आले. ते लुटारूंच्या नाही, कंपन्यांच्या मागे लागले. म्हणाले, तुम्ही असा फोन बनवा जो चोराच्या हातात वीट होईल. कंपन्या आधी कुरकुरल्या. साहजिक आहे, चोरीला गेलेल्या फोनच्या जागी नवा फोन कोण विकतं? पण सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनला अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आलं. मालकाचा पासवर्ड टाकल्याशिवाय फोन पुन्हा चालूच होणार नाही. वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या चोऱ्या ४० टक्क्यांनी, न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी उतरल्या आणि लंडनमध्ये फोनचोरी निम्म्यावर आली, असे आकडे त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केले. एकाही पोराला भिंतीकडे तोंड करायला लावलं नव्हतं.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण लुटारूही शिकतात. लॉक असलेला फोन वीट आहे ना? मग लॉक उघडा असतानाच हिसकावा. तुम्ही फुटपाथवर मॅप बघताय, ई-बाईकवरचा माणूस मागून येतो आणि हातातून उडवतो. उघडा फोन म्हणजे बँकेचं अ‍ॅपही उघडं. आणि अगदी वीट झाली तरी विटेचा स्क्रीन विकता येतो, कॅमेरा विकता येतो. २०२४ मध्ये एकट्या लंडनमध्ये सुमारे ८० हजार फोन चोरीला गेल्याची नोंद झाली.

मग त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी एका बाईचा चोरीला गेलेला फोन हीथ्रो विमानतळाजवळच्या एका गोदामात 'दिसायला' लागला. तिने स्वतःच लोकेशन बघून माग काढला होता. गोदामातल्या माणसांनी खोकं उघडलं, तर आत तिचा फोन आणि त्याच्या सोबतीला आणखी जवळपास एक हजार. खोकं निघालं होतं हाँगकाँगला. त्या एका खोक्यापासून पोलीस मागे मागे जात राहिले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की एका टोळीने वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनला पाठवल्याचा संशय आहे. रस्त्यावर हिसकावणाऱ्याला एका फोनचे ३०० पौंडांपर्यंत मिळत होते. तिथे फोन विकला जातो, कारण ब्रिटनची यादी तिथली नेटवर्क पाळत नाहीत. इतकी वर्षं पोलीस ई-बाईकच्या मागे धावत होते आणि खोकी शांतपणे विमानात चढत होती. मॅक्लेन विकायला गेला तेव्हा सापडला होता. हेही तसंच. फक्त जरीवाल्या दुकानदाराची ओळख आता फोन स्वतःच पटवतो.

आपल्याकडे काय? आपल्या जुन्या दंडसंहितेत 'हिसकावणे' असा वेगळा गुन्हाच नव्हता. कधी साधी चोरी, कधी जबरी चोरी म्हणून नोंद व्हायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ आलं. हिसकावणं हा स्वतंत्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. कैदेपेक्षा मला त्यातला मोजणीचा फायदा मोठा वाटतो. नाव वेगळं मिळालं की आकडा वेगळा मिळतो, आणि आकडा कळला तर कुठे, कधी, काय हे कळेल. दुसरं म्हणजे सीईआयआर, चोरीच्या फोनची देशव्यापी यादी. तिची चाचणी २०१९ मध्ये मुंबईपासूनच सुरू झाली होती आणि मे २०२३ पासून ती 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर देशभर खुली झाली. पोलिसांत तक्रार करून तुम्ही तिथे फोन ब्लॉक करू शकता. मग तो भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, आणि त्यात कुणी सिम घातलं तर माग पोलिसांकडे जातो.

पण त्यासाठी तक्रार करावी लागते. इथेच आपलं घोडं पेंड खातं. चौकीवर गेलं की 'हरवला असं लिहा ना' हा सल्ला किती जणांना मिळालाय? 'हिसकावला' ऐवजी 'गहाळ' लिहिलं की गुन्ह्याची नोंद नाही, स्टेशनचा आकडा छान. फोनचा इन्शुरन्स मागताना पंचाईत होते ती वेगळी. पण त्याहून वाईट म्हणजे त्या वळणावर, त्या वेळी, तसाच सातवा फोन गेला हे कुणालाच कधी कळत नाही. हेन्री फील्डिंगच्या टेबलावर निदान मंगळवार आणि गुरुवारचे कागद शेजारी शेजारी तरी होते.

तर आता हा भाग थांबवा आणि एक काम करा. फोनच्या डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकड्यांचा नंबर येईल. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतील. स्क्रीनशॉट नका काढू, फोनच गेला तर स्क्रीनशॉटही गेला. कागदावर लिहा, आईच्या डायरीत लिहा, कॅलेंडरच्या मागे लिहा. आणि लोकलच्या दारातून आत सरकलात ना?

भेटू पुढच्या भागात.